आफ्रिकेच्या जावेची चूल

तिच्या भांड्यात काय शिजतंय ते बघत जा, असं अव्वांनी मला सांगितलं, तेव्हा धाकट्या जावेला घरात येऊन चार दिवसही झाले नव्हते. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. शाहूपुरीत रस्त्याला लागून आमचं भुसारीचं दुकान आणि त्याच्यामागं घर. घरात अव्वा, आमचे मालक, मी आणि माझ्या दोन मुली. मुली लहान होत्या, त्यांचा यात काही संबंध नाही. आणि आता आफ्रिकेतून परत आलेले दीर आणि जाऊ.

दीर तरुणपणी साखर कारखान्यात साखर शिजवायचं काम शिकले होते. कुणी एक गुजराती मालक त्यांना तिकडच्या कारखान्यावर घेऊन गेला. मधे एकदा रजेवर आले, निपाणीकडची मुलगी करून घेतली आणि तिलाही घेऊन गेले. ती गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. अकरा वर्षांनी, दुष्काळाच्या सालात, तिथल्या सरकारनं इकडून गेलेल्या लोकांना देश सोडून निघा म्हणून सांगितलं आणि ही दोघं एक पिशवी, एक पत्र्याचा डबा आणि लांब दांड्याचं एक लाकडी उलथणं घेऊन दारात उभी राहिली. दिवाळी होऊन गेली होती. कोनाड्यातल्या पणत्या अजून काढल्या नव्हत्या.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारे. आमच्या घरात मांस-मासळी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही, तिचं नावही कुणी काढत नसे. अव्वांनी मला परड्यात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अकरा वर्सं त्या मुलखात काढली पोरीनं. काय खाल्लं असंल, कुणाच्या हातचं खाल्लं असंल, कोण बघायला गेलंतं? आपल्या चुलीला तिचा हात लागायला नको इतक्यात."

मी विचारलं, "मग ती करणार कुठं?"

"मागल्या पडवीत शेगडी दे. तिचं तिनं करावं, नवऱ्याचं करावं. शिवरात्रीच्या पारण्याला अय्या जेवायला येणार. तोवर तू बघ. काय नसलं तर तिला आत घेऊ. काय दिसलं तर तम्मानं दुसरी खोली बघावी."

तम्मा म्हणजे दीर, आणि अय्या म्हणजे आमचे जंगम, घरचे गुरू. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं जेवत, तो रिवाज सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. ज्या घरात अय्या जेवत नाहीत त्या घराकडं आमच्यातले लोक वेगळ्या नजरेनं बघतात. आणि दिरांना तर नोकरी नव्हती. रोज सकाळी ते कुठल्या ना कुठल्या कारखान्यावर जाऊन यायचे, एकच पँट धुऊन धुऊन घालायचे. त्यांनी खोली कुठं बघायची?

"मीच का?" असं मी विचारलं नाही. अव्वांनीच सांगितलं. "तू बोलत न्हाईस. तुझ्याकडं कुणाचं ध्यान जात न्हाई."

ते खरं होतं. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती आणि मालक घरात असताना माझा आवाज भांड्यांच्या आवाजाहून मोठा कधी झाला नव्हता.

मी बघू लागले.

त्या वर्षी रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आणि पिवळा मका मिळायचा. मिलोच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा नाही, मक्याची भाकरी तव्यावरच फुटायची. आमच्याकडं दुकान असल्यामुळं जोंधळे मिळत, पण रेशनही सोडत नव्हतो. तो मका गोणीत तसाच पडून होता. जाऊ तो बघून म्हणाली, "अक्का, हा मका टाकू नका. मला द्या."

तिनं तो दळून आणला, बारीक चाळणीनं चाळला. पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मूठ मूठ पीठ सोडत ती ते लाकडी उलथण्यानं पातेल्याच्या कडेला दाबून दाबून घोटू लागली. पातेलं खाली उतरवून गोणपाटानं दोन्ही पायांत धरलं होतं आणि दंडाच्या शिरा वर आल्या होत्या. मीठसुद्धा घातलं नाही. शेवटी तो गोळा ताटात उलटा केला तर मोदकपात्रातून निघाल्यासारखा गुळगुळीत. तिकडं त्याला पोशो म्हणतात. त्याचा तुकडा तोडायचा, अंगठ्यानं त्यात खळगा करायचा आणि त्या खळग्यात कालवण घ्यायचं.

अव्वा दारातूनच बघत म्हणाल्या, "कण्याच की ह्या. गरिबाघरच्या कण्या. त्यासाठनं आफ्रिकेला जायला लागतं व्हय?"

जाऊ हसली. "तिकडं मका पांढरा असतोय अव्वा. ह्याला तसली चव न्हाई."

मला तिचं हसणं आवडलं नाही. कण्या खाताना एवढं काय हसायचं? ह्यामागं दुसरं काही असेल, ते दिसू नये म्हणून ही एवढी मनमोकळी वागते, असं मला वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ती तिखट घालत नसे. आमच्याकडं कांदा-लसणाच्या चटणीशिवाय कालवणाला रंग नाही. ही शेंगदाणे कच्चेच कुटायची, त्याची पूड पाण्यात कालवून कांद्यावर टाकायची आणि मंद आचेवर तासभर ढवळत बसायची. वर तेलाचा तवंग येईपर्यंत ती जागची हलत नसे. रंग मातकट, दाट. मी विचारलं, "चटणी?" तर म्हणाली, "नगं. दाण्याची चव जाती."

अव्वांना मी एवढंच सांगितलं की तिखट घालत नाही. अव्वांनी सुपारी कातरायची थांबवली. मग म्हणाल्या, "बिगर तिखटाचं कोण खातंय?"

आमच्या मालकांनी खाल्लं. एक दिवस दीर पोशो आणि ते दाण्याचं कालवण घेऊन जेवत होते, तेव्हा मालकांनी त्यांच्या ताटातलं चाखून बघितलं. मग परत घेतलं. मग म्हणाले, "बरं लागतंय की हे."

चौदा वर्षांत माझ्या हातच्या कुठल्या पदार्थाला त्यांनी बरं म्हटलेलं मला आठवत नाही. वाईटही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी अव्वांसाठी बघत होते की माझ्यासाठी, हे मला सांगता येणार नाही.

एका सोमवारी तिनं बाजारातून हिरवी केळी आणि केळीची पानं मागवली. हाताला तेल लावून केळी सोलली, चीक लागून हात काळे होतात म्हणून. मग पातेल्याच्या तळाशी पानांचे देठ आडवेतिडवे रचले, त्यावर पाणी, त्यावर पानांत बांधलेलं केळ्यांचं गाठोडं, आणि वरून परत पानं. कुठूनही फट दिसू नये असं ते तिनं दाबून दाबून झाकलं. दोन तास ते शेगडीवर होतं. दर थोड्या वेळानं मी काहीतरी निमित्त काढून पडवीत जात होते. एकदा झाकणाला हात लावला तर ती पटकन म्हणाली, "उघडू नका अक्का, वाफ जाती."

वाफेसाठी कुणी एवढं घाबरतं का, असं मला वाटलं. ती पाणी आणायला गेल्यावर मी पान बाजूला करून बोट आत घातलं. बोट भाजलं. आत पिवळा, मऊ केळ्यांचा गोळा होता. दुसरं काही नव्हतं. मी पान परत लावलं, पण तिनं लावलं होतं तसं ते बसलं नाही. ती परत आल्यावर त्या पानाकडं बघत राहिली. माझ्याकडं बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. आमच्यातल्या बायका लिंग चांदीच्या पेटीत ठेवून गळ्यात घालतात. लग्नात अव्वांनी तिला तशी पेटी दिली होती. आता तिच्या गळ्यात पेटी नव्हती. लिंग एका पांढऱ्या फडक्यात बांधून दोऱ्यानं अडकवलेलं होतं. अंघोळीनंतर केस पुसताना ते मला दिसलं. हे मी अव्वांना सांगितलं. अव्वांचं तोंड पडलं. "विकली असंल, न्हाईतर काढून ठिवली असंल. जो लिंग असं फडक्यात बांधतोय त्याच्या पोटात काय गेलंय कुणाला ठावं."

मी तेव्हा तिला विचारू शकले असते. विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. बघायचं काम दिलं होतं, विचारायचं नव्हतं.

शिवरात्रीला सहा-सात दिवस राहिले असतील. दीर त्या दिवशी दुपारीच परत आले. एका कारखान्यानं त्यांना दोन महिने उद्या या, परवा या म्हणून फिरवलं होतं आणि शेवटी जागा दुसऱ्याला दिली होती. ते पडवीत भिंतीकडं तोंड करून बसले.  जावेनं तो पत्र्याचा डबा काढला. आल्या दिवसापासून तो डबा तिच्या अंथरुणाच्या उशाशी, लुगड्याखाली असायचा आणि मी त्याच्यावर नजर ठेवून होते, पण तो उघडलेला कधी बघितला नव्हता.

डब्याचं झाकण निघालं तेव्हा धुराचा वास पडवीभर पसरला. नुसता धूर नाही, धुरात काहीतरी भाजल्यासारखा. आत काळपट तपकिरी वाळलेले तुकडे होते. तिनं ओंजळभर घेतले आणि कोमट पाण्यात टाकले. पाणी चहासारखं झालं. तुकडे फुगले, मऊ झाले. एकेका तुकड्याला दोरे दोरे सुटत होते आणि एका बाजूला पातळ कातडीसारखं काहीतरी होतं.

 कसायाच्या गल्लीवरून जाताना मी कायम पदर नाकाला लावून जायचे, पण डोळे काही मिटता येत नाहीत. असंच काहीतरी तिथं टांगलेलं असायचं.

तिनं ते तुकडे दाण्याच्या कालवणात शिजवले. दीर जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच त्यांचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. जाऊ वाटी घेऊन माझ्याकडं आली.

"अक्का, जरा चाखता? फार दिवसांनी काढलंय."

"माझं पोट बरं न्हाई," मी म्हटलं.

"मग उद्याला ठेवतो थोडं."

"नगं, नगं."

मी हे अव्वांना लगेच सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं काय? तुला मटण कसलं ते ओळखता येतं का, असं अव्वांनी विचारलं असतं तर? आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी ते तोंडाला लावलं नव्हतं. मालकांनी नाही, अव्वांनी नाही, मी नाही. ते वाळल्यावर कसं दिसतं, शिजल्यावर कसं लागतं, हे सांगणारं घरात कुणीच नव्हतं. खोटं सांगितलं तर दिरांना घराबाहेर काढल्याचं पाप माझ्यावर. आणि ते खरं असून मी गप्प बसले, तर अय्यांना विटाळाच्या घरात जेवू घातल्याचं पाप माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नळावर गेली होती. मी डबा उघडला, एक तुकडा काढला, पेपरच्या कागदात गुंडाळला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग मागच्या दारानं काकींच्या घरी गेले.

काकी म्हणजे आमच्या परड्याच्या पलीकडच्या मराठा घरातल्या. त्यांच्याकडं बुधवारी आणि रविवारी मटण शिजायचं. त्या दिवशी आम्ही मागचं दार लावून घ्यायचो. एरवी बाई मायाळू होती.

"काकी, एक वस्तू दाखवायची हाय. पण कुणाला सांगायचं न्हाई."

"आगं बाई! परत दिवस गेलं काय तुला?"

"तसलं न्हाई वो."

मी गाठ सोडली. त्यांनी तुकडा उजेडात धरला, वास घेतला, मोडून बघितला.

"हे कुठलं आणलंस?"

"तुम्हीच सांगा काय हाय. मटण हाय का?"

काकी एवढ्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या परसातल्या कोंबड्या उठून पळाल्या. "मटण? आगं खुळी का काय तू! अळंबी हाय ही. वाळवून धुरावर धरल्याली. माझं म्हायेर बावड्याकडं, मिरगात वारुळावर अशीच उगवती. आमची आई चुलीवर शिंक्यात टांगून ठेवायची."

"नक्की हाय न्हवं?"

"मला इचारतीस? मी बुधवार-ऐतवार मटण शिजवणारी बाई. मटण असतं तर हा तुकडा तुला परत दिला असता व्हय?" असं म्हणून त्यांनी अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि चघळू लागल्या. "पण कुणी आणलं? आफ्रिकेवाल्या जावेनं? आणि तुला वाटलं मटण! आई आई गं."

मन हलकं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. परतताना मला वाटलं, काकी मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. मग वाटलं, अळंबी असेल, पण ज्या धुरावर ही वाळवली त्याच धुरावर तिकडं दुसरंही काही वाळवत असतील. कोण बघायला गेलंय? अव्वांचेच शब्द माझ्या डोक्यात फिरत होते. म्हणून मी अव्वांना अळंबी असं सांगितलं नाही आणि मटण असंही सांगितलं नाही. चार दिवस मी काहीच सांगितलं नाही. अव्वा रोज माझ्याकडं बघायच्या, मी भांडी घासत राहायचे.

काकी मात्र गप्प राहणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नळावर सांगितलं, हसण्यासारखी गोष्ट म्हणून सांगितलं. दळण अव्वा स्वतः घेऊन जायच्या. आधीच्या माणसाचं पीठ आपल्यात मिसळू नये म्हणून गिरणीत उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी त्या गिरणीतून आल्या तेव्हा पिठाचा डबा डोक्यावर तसाच होता आणि चेहऱ्यावर पीठ उडालेलं होतं.

"गिरणीत मला बायका इचारत्यात," त्या परड्यातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "की तुमच्या धाकट्या सुनेनं आफ्रिकेचं मटण डब्यातनं आणलंय म्हणं, खरं हाय काय? हसत इचारत्यात!"

मालक दुकानातून आत आले. दीर कारखान्यावर गेले होते. जाऊ पडवीत पीठ चाळत बसली होती.

"डबा आण," अव्वा म्हणाल्या.

जावेनं डबा आणून पुढं ठेवला. अव्वांनी हात लावला नाही, दोन पावलं मागंच सरल्या.

"काय हाय ह्यात?"

"अळंबी अव्वा."

"अळंबी असली करपल्याली असती व्हय?"

"तिकडं वाळवून धुरावर धरत्यात. आमच्या शेजारच्या बाईनं निघताना दिली. वाटंत काय मिळंल न मिळंल म्हणून."  मग हाताचं पीठ झाडत म्हणाली, "वाटंत बंदूकवाल्यांनी चार ठिकाणी उतरवलं. बांगड्या काढून घेतल्या. लिंगाची पेटी चांदीची हाय म्हणून तोडून घेतली. लिंग मातीत टाकलं, ते मी उचललं. हा डबा उघडून वास घेतला आणि परत फेकला. म्हणून एवढंच आलं बरोबर."

 अव्वांनी एकदा तिच्या गळ्यातल्या फडक्याकडं बघितलं. पण त्यांच्या डोक्यात अजून गिरणीच होती.

"तू म्हणतीस खरं. पण परवा अय्या येणार. त्यांच्या कानावर हे जाणार. मटण का अळंबी, आपल्या घरात कुणाला वळखायला येतंय?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू सांग. तुला बघायला ठेवलंतं की मी."

जावेनं माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत तिला ते माहीत नव्हतं, असं मला वाटतं. किंवा त्या केळीच्या पानापासून माहीत असेल.

मालक दारात उभे होते.  मी म्हटलं, "अळंबीच हाय. मी काकींना दाखवली. त्यांनी खाऊन बघितली."

"कवा?"

"चार दिवस झाले."

"मग चार दिवस तोंडात काय धरून बसलीस?"

 

अव्वा तडक परड्याच्या भिंतीपाशी गेल्या आणि पलीकडं ओरडल्या, "काय गं ए! मटण का अळंबी?"

"अळंबी वो अव्वा!" पलीकडून काकींचा आवाज आला. "मी अळंबीच म्हटलंतं. नळावरच्या भवान्यांनी त्यातलं मटण तेवढं उचललं!"

"मग मोठ्यानं बोल की! गल्लीला ऐकू जाऊ दे!"

"अळंबी! अळंबी! वारुळावरची अळंबी! बास का, का आता जोतिबाच्या डोंगरावर चढून सांगू?"

मालकांना हसू आवरेना, ते दुकानात निघून गेले. अव्वा परत आल्या, त्यांनी तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं आणि जावेला म्हणाल्या, "झालं. उद्यापासनं आत ये. पारण्याचा सैपाक दोघी मिळून करा. ती अळंबी मात्र आत आणू नकोस, मला त्याचा वास सोसत न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. ती आत येईल, मी तिच्याशी दोन शब्द बोलेन, कदाचित ते केळ्याचं कसं करतात तेही विचारेन.

जावेनं डब्याचं झाकण लावलं. ती माझ्याकडं वळली. "अक्का, डब्यातनं तुकडा काढून नेला?"

"व्हय."

"मला का न्हाई इचारलं? मी सांगितलं नसतं का?"



मग ती अव्वांना म्हणाली, अगदी शांत, "न्हाई अव्वा. मी भाईरच बरी."

"का? आता काय झालं?"

"आत मी शिजवायला लागलो की अक्कांना सारखं बघत बसाय लागणार. त्यांचं काम कशाला वाढवू?"

अव्वांनी तिला समजावलं. मग रागावल्या. एका घरात दोन चुली म्हणजे लोक काय म्हणतील, हेही सांगितलं. दिरांनी आल्यावर सांगितलं. ती एकदाही आवाज चढवून बोलली नाही आणि एकदाही हो म्हणाली नाही. पारण्याचा सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला. अय्या आले, जेवले. "धाकटी सून कुठाय?" असं त्यांनी विचारलं. ती पडवीतून आली, पाया पडली आणि परत पडवीत गेली. तिनं शेगडीवर दिरांसाठी पोशो टाकला होता, तो घोटायचा राहिला होता.

पुढं दीड वर्ष ती आमच्या घरात राहिली, दिरांना सीमेकडच्या एका कारखान्यावर काम मिळेपर्यंत. अव्वा तिच्याशी नीट बोलायच्या, तीही अव्वांचे पाय चेपायची. गळ्यासाठी नवी चांदीची पेटी अव्वांनी करून दिली, ती तिनं घेतली. माझ्याशीही ती भांडली नाही. मालकांना ते दाण्याचं कालवण आवडायचं, म्हणून केलं की आत पाठवायची आणि माझी वाटी स्वतः घेऊन यायची.

थोरल्या जावेच्या आधी धाकटीनं खायचं नसतं, तेही तिच्यासमोर तर नाहीच. पण ती वाटी माझ्यासमोर ठेवण्याआधी पोशोचा एक तुकडा तोडायची, त्यात खळगा करायची, माझ्या वाटीतलं कालवण त्यात घ्यायची आणि माझ्यासमोर उभी राहून खायची. नीट चावून. मग वाटी पुढं करायची. तोंडानं काही म्हणायची नाही. दर वेळी असंच.

असं करू नको, मी तशीच खाईन, एवढं मला म्हणता आलं असतं. दर वेळी मी ठरवायचे की आज म्हणायचं. मी कधीच म्हटलं नाही. तिला राग होता म्हणून ती तसं करायची, हे मला कळत होतं. पण खरं लिहायचं तर, तिनं घास गिळलेला दिसेपर्यंत माझाही हात वाटीकडं जात नसे.